करवतीच्या दोन टोकांची बोली

वरचे काका आमच्या इमारतीत अगदी तळाला राहतात. नवीन माणूस त्यांना शोधत आला की हमखास दोन जिने चढून आमच्या दारात धापा टाकत उभा राहतो. मग आई त्याला पाणी देते, दम खाऊ देते आणि परत खाली पाठवते. 'वरचे' हा काकांचा पत्ता नाही, हुद्दा आहे.

मागच्या गल्लीत आता जिथे गाड्या उभ्या करतात, तिथे पूर्वी लाकडाची वखार होती. यंत्र यायच्या आधी तिथे ओंडके हातानं चिरायचे. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, खड्ड्यावर आडवा टाकलेला ओंडका, आणि माणसापेक्षा लांब करवत, दोन्ही टोकांना मुठी. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खड्ड्यात. एकानं वर ओढायची, दुसऱ्यानं खाली खेचायची, असं दिवसभर. चिरायची रेघ वरच्याला दिसते, म्हणून मान त्याचा. खालच्याला काहीच दिसत नाही, भुसा मात्र सगळा त्याच्याच डोळ्यांत. काका एकतीस वर्षं वर उभे राहिले. खड्ड्यात एकतीस वर्षं एकच माणूस होता. त्याला अख्खी वखार 'खालचा' म्हणायची. काका अजून तेच म्हणतात.

खालचा नदीपलीकडचा. त्याची भाषा वेगळी, आमची वेगळी. पहिल्या दिवशी काका वरून ओरडले, "थांब!" आणि त्यानं शहाण्यासारखी करवत आणखी जोरात खेचली. काका तोंडावर आपटता आपटता राहिले. मालक म्हणाला, "एक तर तू त्याची भाषा शीक, नाहीतर त्याला तुझी शिकव. उद्या सकाळी मला ओंडका सरळ चिरलेला पाहिजे." दोघांनी ते मनावर घेतलं आणि एकमेकांना न विचारता घेतलं. दुसऱ्या दिवशी काका वरून त्याच्या भाषेत ओरडले, "दोम!" आणि खालून आमच्या भाषेत जबाब आला, "थांबलो!" दोघंही रात्रभर समोरच्याची भाषा घोकून आले होते. मग ते तसंच राहिलं. हाक त्याच्या भाषेत, जबाब ह्यांच्या भाषेत, एकतीस वर्षं.

आता खड्ड्यात चूक झाली तर बोटं जातात. तिथे व्याकरणाला कोण विचारतो? पलीकडे 'केरू' म्हणजे ओढ. काका ओरडायचे, "केरव रे!" आणि मग "केरवलं का?" शब्द त्यांचा, शेपूट आमचं. खालच्याचं नेमकं उलट. फळी आमची, पण एकीच्या दोन झाल्या की त्याच्या तोंडी 'फळीनू'. दोन वर्षांत ती भाषा इकडचीही राहिली नाही, तिकडचीही नाही. तिच्यात लाकूड होतं, घाम होता, जेवण होतं आणि शिव्या तर भरपूर होत्या. आमच्या गल्लीतली पोरं खेळताना दम लागला की अजून 'दोम!' म्हणतात आणि खेळ थांबतो. शब्द कुठून आला ते एकालाही ठाऊक नाही. मी सांगितलं तर म्हणाली, "हट्, तो आमचाच आहे."

काकांची नक्कल करायची तर नुसता घोगरा आवाज काढून भागत नाही. त्यांच्या साध्या बोलण्यातसुद्धा पलीकडचं पाणी शिरलंय. आपण विचारू, "आई घरी आहे का?" काका विचारतात, "आई घरी असून आहे का?" पलीकडे म्हणे असंच बोलतात. त्यांच्या मुलाला ते मुळीच आवडत नाही. तो दूरच्या शहरात असतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करतो.

"बाबा, पोरांशी नीट बोला. तुमचं बोलणं त्यांना कळत नाही. हसतात."

"हसून असू देत की."

"बघा! पुन्हा!"

त्यानंतर काका नातवंडांशी फक्त 'बरं' आणि 'छान' एवढंच बोलायला लागले. काकू असताना तिला ती भाषा निदान ऐकून तरी माहीत होती. मग काकू वारली. आठ वर्षांपूर्वी वखारीत यंत्र आलं, खड्डा बुजवला, आणि खालचा पलीकडे आपल्या मुलीकडे गेला. तेव्हापासून काकांकडे करवतीची एकच मूठ उरली. ते ती भाषा बोलतात, पण दुधाशी. दूध वर यायला लागलं की "दोमव, दोमव!" फुगून अडकणाऱ्या दाराशी, "केरव रे, मेलास का?" आणि दूध-दार दोन्ही गप्प.

मी हे सगळं जिन्यात बसून उचललं. एकदा मैत्रिणींना करून दाखवत होते. पोट आत ओढलं, मान खाली घातली आणि दिली आरोळी, "केरव रे, मेलास का?" तर काकांच्या खोलीतून ताबडतोब जबाब आला, "मेलो नाही, तुला पुरून उरेन!" चक्क खालच्याचा जबाब. काकांच्या तोंडून तो विचार करायच्या आधीच निसटला होता. मग दार उघडलं. ते जिन्याकडे बघत राहिले. मैत्रिणी पळाल्या. मला वाटलं, आता आपली खैर नाही.

"'रे' आखूड झाला," काका म्हणाले. "लांब ओढायचा. खड्डा खोल असतो."

त्या दिवसापासून मी त्यांची साळुंकी झाले. ते शिकवायचे, मी बोलायचे. माझ्यासाठी ती गंमत होती, हे खरं सांगायला हवं.

यंदा परीक्षा संपल्यावर एका दुपारी काकांनी मला खालून हाक मारली. मुलानं दिलेला जुना मोबाइल त्यांच्या हातात होता, जिवंत पाल धरावी तसा.

"साळुंके, ह्यात कोणीतरी बोलून आहे. उघड."

निरोप होता. बाईचा आवाज, पण भाषा अगदी लहान मुलीची.

"काका, मी खालच्यांची मुलगी बोलते. लहान असताना मी तुमच्या खांद्यावर बसले होते. बाबा पडले. त्यांचा उजवा हात आणि पाय हलत नाही. ते बोलतात, पण नीट नाही बोलत. आमच्या भाषेत विचारलं तर उत्तरच देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ही नुसती बडबड आहे, तिला अर्थ नसतो. पण मला वाटतं त्यातला एक शब्द मी तुमच्याकडे ऐकलाय. तुम्ही ऐका ना. मी रडणार नाही, प्रॉमिस."

दहा वर्षांची असताना तिला आईबरोबर पलीकडे पाठवलं होतं. आपली भाषा तिच्यात तिथेच थांबली. आता ती चाळिशीला आली असेल. मी तिची नक्कल करायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पुढचं सुरू झालं.

एका म्हाताऱ्याचा जड आवाज. "साया... दोमव... साया, साया... दोमव रे..."

काका खुर्चीतून अर्धवट उठले. "ही बडबड आहे? कोण गाढव म्हणतो?"

"डॉक्टर."

"त्याला म्हणावं, खड्ड्यात उतर." मग मला म्हणाले, "डोळ्यात भुसा गेलाय म्हणतोय. साया म्हणजे भुसा. तो साया म्हणाला की मी करवत धरून ठेवायचो, मग तो डोळे पुसायचा. पुसल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही. डोळे पुसा म्हणावं त्याचे!"

मी तसं बोलून पाठवलं. तासाभरानं उत्तर आलं. "उजव्या डोळ्यातून सारखं पाणी येत होतं. आम्हाला वाटलं, रडतात. पुसलं. बाबा हसले."

काकांना वाटलं, आता आपणच बोलावं. दुसऱ्या दिवशी मुलीनं फोन लावून खालच्याच्या कानाशी धरला आणि काका केवढ्यांदा ओरडले, "अरे खालच्या! जिवंत असून आहेस का?" पलीकडे धडपड ऐकू आली, काहीतरी पडलं, मुलगी घाबरून बोलायला लागली.

"नको काका, नको. ते छताकडे बघतात. उठायला बघतात. तुम्हाला वर शोधतात."

एकतीस वर्षं तो आवाज त्याला डोक्यावरूनच आला होता. आता तो उशीतून कसा येईल? डॉक्टरांनी पुन्हा फोन करायला मनाई केली. त्यामुळे दोघांचं बोलणं नाहीच झालं. मुलगी बापाचा आवाज भरून पाठवायची, काका अर्थ सांगायचे, मी तो तिच्याकडे पाठवायचे.

निरोप रोज चारच्या सुमाराला यायचा. काका तीनलाच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसायचे. मी एका वहीत शब्द लिहायला घेतले. 'पाचर' म्हणजे मला आधार द्या, उशी लावा. ओंडका चिरताना फट मिटू नये म्हणून पाचर मारतात, तीच ही. 'तिरी' म्हणजे रेघ सुटली, काहीतरी चुकतंय. 'पाणीनू' म्हणजे खूप पाणी. मुलगी मोठी हुशार. एकदा सांगितलं की तिला पुन्हा विचारावं लागत नसे.

एक दिवस खालच्यानं सलग पाच-सहा शब्द असे काही मारले की काका हसून हसून खोकायला लागले.

"काय म्हणाले?"

"हे तिला नको सांगू."

"मग काय सांगू? ती वाट बघतेय."

"सांग, जावयाची चौकशी करतोय."

"काका!"

"तशी चौकशीच आहे ती. जरा मोकळी."

ह्या दिवसांत काका बदलले. जिन्यात भेटतील त्याला सांगायचे, "खालचा म्हणत होता..." जणू तो शेजारच्या खोलीत बसलाय. आईसुद्धा म्हणाली, "बाई, काकांना रंग चढलाय." आणि वहीत शब्द वाढत गेले. चाळीस, पंचावन्न, सत्तर. जसजसे ते वाढले, तसतसे पलीकडून येणारे प्रश्न कमी झाले. तीन आठवड्यांनी एखादाच प्रश्न यायचा. मला वाटलं, बरंच झालं, कामाला लागले शब्द. काकांना काय वाटत होतं, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

मग 'वरुमा' आला.

"काका, हा नवीन आहे. दुपारी म्हणतात. वरुमा, वरुमा. पाणी दिलं, नको. उशी दिली, नको. काय आहे?"

काकांनी ते दोनदा ऐकलं. "आठवत नाही," म्हणाले.

मी तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काका म्हणाले, "आठवून बघतो. उद्या सांगतो म्हणावं." तिसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. मुलगी रोज नवीन काही करून बघायची आणि सांगायची. पांघरूण काढलं. खिडकी लावली. पाय चोळले. सहाव्या दिवशी ती पोरीसारखंच बोलली, पण आवाज फार थकलेला होता. "आज बाबांनी ताट फेकलं. मग रडले. भिंतीकडे तोंड करून. काका, तुम्ही आठवा ना. खूप आठवा."

"आठवत नाही ग मला," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि मोरीकडे जायला उठले. त्यांचे गुडघे पार गेलेत. उठताना एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक चौकटीवर, आणि तोंडातल्या तोंडात एक कण्हणं. ते कण्हणं मी शंभर वेळा ऐकलंय. करूनही दाखवलंय. हशा पिकायचा.

ते कण्हणं नव्हतं. ते म्हणत होते, "वरुमा."

"काका," मी म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे."

ते चौकट धरून उभे राहिले.

"आत्ता म्हणालात. रोज म्हणता. उठताना."

मग परत येऊन बसले, सावकाश.

"मालकाचा नियम होता," ते म्हणाले. "वरच्यानं वरच राहायचं. रेघ ज्याला समजते तोच वर. खालच्याला वर घेतलं तर दोघांना हाकलीन म्हणायचा. पण दुपारी मालक जेवायला गेला की खालून आवाज यायचा, 'वरुमा.' मला वर घे. मग मी शिडीनं खाली उतरायचो आणि तो ओंडक्यावर चढायचा. अर्धा तास. एका फळीपुरतं. वारा लागायचा त्याला, गल्ली दिसायची. माझ्या डोळ्यांत भुसा. एकतीस वर्षांत कोणाला कळलं नाही. तुझ्या काकूलासुद्धा नाही. 'वर' तुमचा-आमचा, 'उमा' म्हणजे घे, तो त्यांचा. तो शब्द आम्ही दोघांनी केला, साळुंके. दुसऱ्या कोणाच्या तोंडात तो कधी गेलाच नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"सगळे देऊन टाकले. वही भरली तुझी. तिला आता मी लागत नाही. हा एक दिला की उद्या चार वाजता मी काय ऐकू?"

मला राग आला होता, पण तो त्यांच्या तोंडाकडे बघून बाहेर पडेना. शेवटी मी एवढंच म्हणाले, "काका, ते सहा दिवस खड्ड्यात आहेत."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केला. "दाब ते."

मी बटण दाबून धरलं. काका मोबाइलकडे बघून, एकेक शब्द सुटा करून बोलले. पलीकडची मोडतोड न करता, आपलं अगदी नीट. त्यांच्या मुलालाही आवडलं असतं.

"पोरी, वरुमा म्हणजे मला वर घे. त्याला खोलीतून बाहेर काढा. उंचावर न्या, गच्ची असेल तर गच्चीवर. जिथून रस्ता दिसेल अशा जागी बसवा. रोज दुपारी. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगितलं नाही. चुकलो." ते थांबले. मी बोट उचलणार, तेवढ्यात म्हणाले, "आणि त्याला सांग, वरचा खाली उतरलाय."

मी बोट उचललं. निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच उत्तर आलं. मुलीनं रागाचा एक शब्द काढला नाही. नुसता आवाज भरून पाठवला होता. आधी भरभर वारा. कुठेतरी दोरीवरचे कपडे फडफडत होते. खाली गाड्यांचे भोंगे. मग मुलीचा आवाज, बापाच्या भाषेत, वहीतल्या भाषेत: "साया?" आणि खालचा म्हणाला, "साया नाही. साया नाही." मग तो लांबलचक काहीतरी बोलत गेला, भराभरा, मध्येच हसला, आणि ती "हं, हं" करत राहिली. दोघं बोलत होती. मला निम्मं कळलं.

काकांनी ते चारदा लावायला सांगितलं. "काय म्हणतात?" मी विचारलं.

"गल्लीत कोण कोण जातंय ते सांगतोय तिला. एकाची टोपी उडाली."

"आणि?"

"आणि काही नाही. टोपी उडाली, तेवढंच."

त्यानंतर पहिल्या दिवशी निरोप आला नाही. काका म्हणाले, "गच्चीवर असतील." दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला बसवून घेतलं.

"साळुंके, त्याचा आवाज काढ बघू."

मी काढला. चांगला जमलाय मला, जड जीभ आणि मध्ये अडकणारा श्वास, सगळं. "मेलो नाही, तुला पुरून उरेन!" काकांनी डोळे मिटून ऐकलं. मी आणखी बोलले. फळीनू, पाणीनू, जावयाची चौकशीसुद्धा.

"आवाज तोच आहे," ते म्हणाले. "पण तू म्हणतेस ते सगळं मला माहीत असून आहे. तो काय म्हणेल ते मला कधीच माहीत नसायचं."

साळुंकीला तेवढंच येतं.

आठव्या दिवशी मी क्लासहून परतत होते, तर काका दारातच उभे होते. मोबाइल पुढे केला. "बिघडला का बघ ग."

मी बघितला. चार्जिंग होतं, रेंज होती. माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला, तर त्यांच्या हातात तो चांगला खणखणीत वाजला. ते दचकले, मग माझ्याकडे बघून त्यांना कळलं.

"चालू आहे, काका."

"नक्की? तिकडून केला तरी लागेल?"

"लागेल की."

"म्हणजे तिला विचारायचं काही उरलेलं नाही."

"नसेल."

"तो बोलतो ते सगळं कळतंय तिला." त्यांनी मोबाइलचा पडदा सदऱ्याला पुसला. "मग त्याचं बरं चाललंय."

"हो, काका."

"बरं चाललंय," ते पुन्हा म्हणाले, आमच्या नीट भाषेत, आणि चार वाजायला अजून दहा मिनिटं होती म्हणून तिथेच दारात उभे राहिले.